सोवळं एकाचं, पूजा दुसऱ्याची

२०१३ सालची गोष्ट. एकाच सर्व्हरवर आमच्या दोन साइट होत्या. जुनी एका हौशी नाट्यसंस्थेच्या तिकीटविक्रीची. ती जँगो १.४ वर आणि थेट सिस्टिमच्या पायथनवर चालायची. नवी माझी, जँगो १.५ ची. तिच्यासाठी मी रीतसर व्हर्च्युअलएन्व्ह केलं होतं. फक्त मायएसक्यूएलचा ड्रायव्हर पुन्हा कंपाइल करायचा कंटाळा आला, म्हणून सिस्टिमची पॅकेजेस आतून दिसतील असा पर्याय दिला. वेगळं बिऱ्हाड थाटलं, पण मधलं दार उघडंच ठेवलं.

दर वेळी एसएसएच करून त्याच त्या कमांडी मारणं मला कमीपणाचं वाटायला लागलं होतं. म्हणून फॅब्रिकची फाइल लिहिली. पहिल्या ओळीत एन्व्हायर्नमेंट ॲक्टिव्हेट, दुसरीत पिपने पॅकेजेस, मग फक्त माझ्या साइटचं रीस्टार्ट. बुधवारी संध्याकाळी चालवली. पिप म्हणालं, परमिशन डिनाइड.

आता, स्वतःच्याच होम डिरेक्टरीत लिहायला परवानगी का लागावी? हा प्रश्न पडायला हवा होता. मला घरी जायची घाई होती. 'रन'च्या जागी 'सुडो' लिहिलं. सगळं सुरळीत पार पडलं, नवी साइट उघडली, मी चहासुद्धा पाजला सगळ्यांना.

झालं होतं ते असं. फॅब्रिकमधला प्रत्येक 'रन' सर्व्हरवर नवा शेल उघडतो. पहिल्या ओळीतलं ॲक्टिव्हेट त्या शेलपुरतं. शेल मिटला की संपलं. म्हणजे सोवळं नेसला एक आणि पूजेला बसला दुसराच. त्या दुसऱ्याच्या हातात 'सुडो' म्हणून मी गाभाऱ्याची किल्लीही दिली. जँगो १.५ सिस्टिममध्ये जाऊन बसलं आणि मधल्या उघड्या दारातून माझ्या साइटला ते दिसलं, म्हणून चूक कळलीच नाही.

जुनी साइटही तीन दिवस चालत राहिली, कारण अपाचेच्या चालू प्रोसेसमध्ये १.४ आधीच लोड झालेलं होतं. रविवारी लॉग फिरवायची साप्ताहिक वेळ आली आणि उबुंटूने अपाचे रीलोड केलं. सर्व्हरच्या घड्याळात ६:२५, यूटीसी. आपल्याकडे बारा वाजायला पाच कमी. १.५ पासून टेम्प्लेटमधल्या यूआरएल टॅगला व्ह्यूचं नाव अवतरणचिन्हांत द्यावं लागतं. जुन्या साइटमध्ये ती चिन्हं कुठेच नव्हती. संध्याकाळी प्रयोग, आणि तिकिटांचं पान उघडेना.

मी पहिला फोन केला तो जुनी साइट बघणाऱ्या मुलाला. "तू काय हात लावलास?" हे माझं पहिलं वाक्य. त्याने कित्येक महिन्यांत कशालाच हात लावला नव्हता. बिचारा तीन तास स्वतःचा कोड वाचत बसला. संस्थेचे लोक नाट्यगृहाच्या दारात वहीवर नावं लिहून घेत होते.

दुपारी मी सिस्टिमच्या पॅकेजेसचं फोल्डर उघडलं. जँगोसमोर बुधवारची तारीख, वेळ १२:४०. त्या वेळी मी जेवत होतो, म्हणून क्षणभर हायसं वाटलं. मग साडेपाच तास मिळवले. सहा दहा. माझीच संध्याकाळ.

मुकाट्याने १.४ परत टाकलं. संस्थेला "सर्व्हरचा प्रॉब्लेम होता" असं सांगितलं, जे शब्दशः खोटं नव्हतं. पुढच्या हंगामात त्यांनी काम दुसरीकडे दिलं. व्हर्च्युअलएन्व्ह नव्याने केलं, दार बंद ठेवून. ड्रायव्हर कंपाइल व्हायला चार मिनिटं लागली. फाइलमधून ॲक्टिव्हेटची ओळ काढली आणि एन्व्हायर्नमेंटमधल्या पिपलाच पूर्ण पाथने हाक मारायला लागलो. 'सुडो' उरलं ते फक्त रीस्टार्टपुरतं.

त्या मुलाला खरं सांगायला मला मंगळवार उजाडला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"सर," तो म्हणाला, "ती वेळ मी रविवारीच बघितली होती."