लोणारचें गुलाबी पाणी

सन २०२० च्या जून महिन्यांत बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार सरोवराचें पाणी एकाएकीं गुलाबी झालें आणि अफवांना पाय फुटले. कोणी चमत्कार म्हणे, कोणी अरिष्ट. पाणी विषारी तर झालें नाहीं ना, असें एका पालकांनीं मला विचारिलें. तपासणी होईपर्यंत थांबावें, असें मीं सुचविलें. शिक्षकास हें उत्तर देणें जड जातें.

पुढें पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें नमुने तपासले. तो रंग खाऱ्या पाण्यांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा होता. उन्हाळ्यांत पाणी आटून खारेपणा वाढला, कीं त्यांची सुगी! नमुना स्थिर राहतांच जीव तळाशीं बसले व वरचें पाणी नितळ झालें. मुलांनो, शंभर तर्कांहून मला ही बाटली अधिक पटली. पावसाचें पाणी मिसळलें म्हणजे सरोवराचा रंगही ओसरेल, असें संशोधकांनीं सांगून ठेविलें होतें.