शंभर वर्षांची नाईल

पावसाच्या जुन्या नोंदी एका विद्यार्थिनीकडे होत्या, पण विकतचं सॉफ्टवेअर शिष्यवृत्तीत परवडणारं नव्हतं. मग ‘आर’ हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर सापडलं. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी घडवलेलं, १९९५पासून मुक्त परवान्याखाली सर्वांना खुलं.

सरावासाठी त्यात आधीच ठेवलेली आकडेवारी तिला फार आवडली. आस्वानपाशी नाईलचा वार्षिक प्रवाह, १८७१ ते १९७०. आलेख काढला तर १८९८च्या आसपास रेषा एकदम खाली उतरलेली! सबंध शतकाची एकच सरासरी काढली असती, तर ही पायरी बुजून गेली असती.

‘ग्रेटल’ हे तशाच कामाचं दुसरं सॉफ्टवेअरही मोफत आहे, मेनूवरून चालतं, नवख्याला सोपं. तरी ती आरमध्येच रमली. आज्ञा लिहून ठेवली की महिन्यांनंतरही काय केलं ते वाचता येतं.

आता पावसाच्या रकान्यांत ती तशीच पायरी शोधते आहे.