धूर, धग आणि दादाची कुंडी

लॉकहार्टच्या स्मिटीज मार्केटमध्ये रांगेत उभं राहिलात, की सर्वात आधी भाजता ते तुम्ही! जोक नाही. मागच्या दाराने आत शिरावं, तर थेट जमिनीवरच ओकचे ओंडके पेटलेले. बाहेर टेक्ससचा उन्हाळा, आत ही धग. पुढचा माणूस दोन पावलं सरकला, की मागचे लगेच तीन सरकतात.

ऑस्टिनपासून गाडीने पाऊण तासावरचं हे छोटंसं गाव. मधोमध १८९४चं देखणं कोर्ट आणि चहूकडे लाकडाचा वास. १९९९मध्ये राज्याच्या विधिमंडळाने लॉकहार्टला ‘टेक्ससची बार्बेक्यू राजधानी’ ठरवून टाकलं. त्याच वर्षी इथे एक अस्सल घरगुती भांडण गाजलं. क्राइट्स मार्केट हे १९००पासूनचं दुकान. वडिलांनी धंदा मुलांना दिला आणि इमारत मुलीला. (आपल्याकडच्या वाड्यांच्या गोष्टी आठवल्या ना?) भाड्यावरून बिनसलं आणि भावाने दुकान हलवलं. जाताना जुन्या भट्टीतले निखारे टबात भरून, रस्त्यावरून ओढत नव्या भट्टीत नेले! बहिणीने जुन्या जागेत उघडलं, ते हे स्मिटीज.

आम्ही कागदावर वजनाने मिळणारं सॉसेज हाताने खात होतो. माझा आतेभाऊ, म्हणजे दादा, मात्र भट्टीसमोरून हलेना. विटांची लांबलचक भट्टी. जाळ एका टोकाला, तोही बाहेर. धुराडं दुसऱ्या टोकाला. धूर आणि उष्णता मांसावरून सरकत जातात. जाळाजवळ जास्त गरम, लांब कमी. भट्टीवाला झाकण उचलतो, तुकडा जरा पलीकडे ढकलतो. झालं टेम्परेचर कंट्रोल!

दादाला यात एवढा रस का? तर त्याच्या ऑस्टिनमधल्या बॅकयार्डात त्याने स्वतः बनवलेला स्मोकर आहे. मातीची मोठी कुंडी, तळाशी इलेक्ट्रिक शेगडी, तिच्यावर पत्र्याच्या डब्यात लाकडाच्या ढलप्या, वर जाळी आणि झाकणाला उलटी कुंडी. रविवारी ऑफिसचे आठजण जेवायला येणार होते. मागच्या खेपेला कुंडी ८० अंशांवर अडकली होती आणि अर्धकच्चं चिकन वहिनीने सरळ कचऱ्यात टाकलं होतं. बरोबरच केलं. मांस चार ते साठ अंशांमध्ये तासन् तास रेंगाळलं, की जंतूंची चंगळ!

गडबड शेगडीच्या थर्मोस्टॅटची होती. तो बघतो स्वतःच्या बुडाखालचं तापमान. बंद कुंडीत तो आधी तापतो, काम झालं समजून शेगडी बंद करतो आणि वर मांस गारच. म्हणून दादाने शेगडीचं बटण फुल ठेवलं आणि सूत्रं बाहेरच्या पीआयडी कंट्रोलरकडे दिली. त्याचा सेन्सर जाळीवर, मांसापासून चार बोटं लांब. चिकटून ठेवला तर थंड मांसाचंच तापमान सांगतो. हा कंट्रोलर नुसतं किती कमी पडतंय ते बघत नाही, किती वेगाने चढतंय तेही बघतो. लोकल स्टेशनात शिरताना मोटरमन आधीपासून ब्रेक लावतो ना, तस्संच.

आकडा आला, १०७ वर स्थिर! पण धूर गायब. कुंडी एकदा तापली, की शेगडीला फारसं पेटावंच लागेना. मग ढलप्या धुमसणार कशा?

शनिवारी लॉकहार्टहून परतताना दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “अरे, ते लोक उष्णता वाया घालवतात!” खरंच की. रांगेत आपण शेकलो ती वाया गेलेलीच, धुराड्यातून गेली तीही. घरी येऊन त्याने वरच्या कुंडीखाली लाकडाची पाचर सरकवली. उष्णता निसटू लागली, शेगडीला सारखं पेटावं लागलं आणि निळसर, बारीक धूर सुरू झाला. आकडा तरी १०७च.

रविवारी पहाटे चारला तीन किलोचा पोर्क शोल्डर आत गेला. अकराच्या सुमारास आतलं तापमान ७० वर पोचलं आणि थांबलं. बारा, एक... काटा हलेना. पाहुणे हजर! मांसाला घाम फुटतो, ओल उडताना उष्णता घेऊन जाते, म्हणून ते तिथेच अडतं. दादाला हे पाठ होतं, तरी त्याचा हात दोनदा बटणाकडे गेला. दोन्ही वेळा वहिनीने तो बाजूला केला. “झाकण उघडायचं नाही आणि बटणाला हात लावायचा नाही. मी वरणभात लावते.”

आठही जणांनी वरणभात चाटूनपुसून खाल्ला. साडेचारला आकडा ९५ झाला. हाड धरून ओढलं, तर अल्लद सुटून हातात आलं. वहिनी काटे आणायला उठली, तोवर दादाने टेबलावर ब्राऊन पेपर पसरलासुद्धा होता.