न लागलेला मासा

‘मानसोल्लास’ हा ग्रंथ मराठीचा विद्यार्थी बहुधा एकाच कारणासाठी ओळखतो. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, हा त्यातील उल्लेख परीक्षेत विचारला जातो. उरलेला ग्रंथ संस्कृतवाल्यांकडे सोपवून आपण मोकळे होतो. शके १०५१ मधील या ग्रंथाचा कर्ता, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ओवीचा उल्लेख ओघात करतो. गळाने मासे धरण्याच्या खेळाला मात्र त्याने स्वतंत्र प्रकरण दिले आहे. ‘मत्स्यविनोद’ हे त्याचे नाव. कोणत्या माशाला कोणते खाद्य टाकावे, दोरी कशी असावी, काठी कशी, हे सारे राजाने निगुतीने सांगितले आहे. त्याच्या लेखी विनोद म्हणजे मनोरंजन. गेल्या मार्चमधील एका रविवारी आम्हांला त्या शब्दाचा केवळ आधुनिक अर्थ अनुभवास आला.

आम्ही दोघे नवी मुंबईतील एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि सुटीच्या दिवशी गळ घेऊन पाण्याकाठी बसतो. इथल्या बोलीत त्याला ‘गरवणे’ असा नेमका शब्द आहे. तो प्रमाण मराठीने का उचलला नाही, कोण जाणे. पनवेलच्या बाजूला एका गावतळ्यावर गरवण्याची स्पर्धा ठेवल्याचे कळले. सकाळी ६ ते दुपारी २, प्रत्येकास एकच गळ, निकाल एकूण वजनावर. वजनात धरायचे ते फक्त कार्प मासे, म्हणजे रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस. जागा चिठ्ठ्या टाकून. आमच्या चिठ्ठीला जी जागा आली तेथे सावली म्हणून नव्हती आणि समोर थेट पूर्व होती.

रोहू, कटला, मृगळ हे मूळचे गंगेकडचे, वाहत्या पाण्याचे मासे. साचलेल्या तळ्यात ते वाढतात, पण प्रजनन करीत नाहीत. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी माशाच्याच पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांना अंडी घालावयास लावले आणि मग देशभरातील तळ्यांतून त्यांचे बीज सोडता येऊ लागले. तिघांनी पाणी जणू आपसांत वाटून घेतले आहे. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. गरवणाऱ्याने आपला गळ किती खोल सोडावा, हा सारा अभ्यास या वाटणीवर उभा असतो.

उजाडताना तळ्याच्या पृष्ठभागावर शेकडो तोंडे दिसू लागली. काठावर आनंदाची लहर गेली. आमच्या मागे गावातले एक वृद्ध गृहस्थ येऊन बसले होते. ते तेवढे शांत होते. “मास्तर, ते खावाला नाय आलं, दम घ्यावाला आलंत,” ते म्हणाले. रात्रभर पाण्यातील वनस्पतीही प्राणवायू वापरतात, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो आणि श्वास कोंडलेला मासा आमिषाकडे पाहत नाही, हे शास्त्र. काकांनी ते एका वाक्यात सांगितले होते.

आठनंतर तोंडे नाहीशी झाली आणि चिलापी सुरू झाली. १९५२ मध्ये भारतात आणलेला हा मूळ आफ्रिकी मासा आता या भागातल्या तळ्यांत कोणी न सोडताही भरपूर असतो. पेंड आणि कणकेचा गोळा पाण्यात पडतो न पडतो तोच चिलापी तो कुरतडते. तासाभरात नऊ चिलाप्या लागल्या. वजनात एकही धरायची नव्हती. मोठा गोळा लावला की तो तळाशी टिके, आणि मग तरंग्याला अगदी बारीक कंप येई. कार्पच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. तो आमिष ओठांनी ओढून घेतो, चाखतो आणि शंका आली की थुंकतो. त्या दिवशी आमचे आमिष बहुधा अनेकांनी चाखले.

दहाच्या सुमारास आमच्यापैकी एकाला, अर्थातच, सांतियागो आठवला. पु. ल. देशपांडे यांनी ‘एका कोळीयाने’ या नावाने मराठीत आणलेला हेमिंग्वेचा तो म्हातारा. मासा न मिळालेले त्याचे ८४ दिवस कादंबरी आरंभीच सांगून टाकते आणि ८५व्या दिवसापासून खरी सुरू होते. हेमिंग्वेला दोष देण्याचे कारण नाही. मासा लागल्यावाचून गोष्ट कशी लागणार? पण आम्ही बसलो होतो ते त्या ८४ पैकी एका दिवशी, आणि त्या दिवसांत काय असते हे आम्ही वर्षानुवर्षे वर्गात कधी शिकवलेले नाही. मान भाजते. तरंगा पाहून पाहून नजर पाण्यातच हलते आहे असे वाटू लागते. शेजाऱ्याचा हेवा वाटतो, मग त्यालाही काही लागले नाही याचे समाधान वाटते.

आम्हां दोघांपैकी एक अकरा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवतो. नेट झालेले, पीएच.डी. झालेली, जाहिरातीची वाट पाहणे चालू. दुसऱ्याने बाराच्या उन्हात त्यावरून काही बोलावयास तोंड उघडले, तोच पहिला म्हणाला, “सर, कृपा करून याचे रूपक करू नका. इथे मासा लागत नाही, एवढेच आहे. तिथले वेगळे आहे. तिथे मासाच सोडलेला नाही.” नंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. तरंगा मात्र दोनदा हलला. चिलापीच होती.

दोन वाजता शिटी झाली. चाळीसेक स्पर्धकांत मिळून चार कार्प वर आले होते. पावणेतीन किलोच्या कटल्याला पहिले बक्षीस मिळाले. वजन करून त्याला पाण्यात सोडले तेव्हा तो क्षणभर तिरका पडून राहिला, मग शेपटीच्या एकाच फटक्यात खाली गेला. आमच्या बादलीत सतरा चिलाप्या होत्या. काकांनी त्यातल्या मोठ्या निवडून घेतल्या आणि उरलेल्यांचे कालवण कसे करायचे ते सांगितले. खवले काढताना पाठीच्या काट्यापासून जपायचे, असे त्यांनी दोनदा बजावले.

परतताना तासिकावाल्या सरांना घाई होती. सोमवारचा ७.२०चा तास त्यांचा असतो, आणि बुडालेल्या तासाचे मानधन मिळत नाही.