उणे तेवीस

कसाऱ्याला गाडीला बँकर इंजिनं लागली की त्याची डुलकी मोडते. १८६५ पासून रेल्वे हा थळ घाट चढतेय, ३७ फुटांना एक फूट अशा चढानं. कसाऱ्यापर्यंत घामानं चिकटलेला शर्ट इगतपुरीच्या फलाटावर गार लागतो. कोरडी हवा तीनशे मीटर वर चढली की प्रसरण पावते आणि तेवढ्यानंच सुमारे तीन अंश निवते. तिची उष्णता कुणी काढून घेतलेली नसते.

लहानपणापासून अंगावर घेतलेली ही गोष्ट ठाण्याच्या ऑफिसात, पडद्यासमोर, तो साफ विसरला होता.

काम वायुप्रवाहाच्या सिम्युलेशनचं. नायट्रोजन २७ अंशांना नॉझलमध्ये शिरतोय, भिंतींतून उष्णतेची ये-जा बंद, आणि गळ्यापाशी पडदा निळाशार: उणे २३. त्यानं मेश बारीक केली, आत-बाहेरचे दाब पुन्हा भरले, केल्विन-सेल्सियसचा घोळही तपासला (हा घोळ एकदा तरी न घातलेला माणूस या धंद्यात सापडायचा नाही). आकडा हलेना. दोन दिवसांनी कागद-पेन घेतलं. गळ्यात वायूनं ध्वनीचा वेग गाठला की नायट्रोजनच्या केल्विनमधल्या तापमानाला १.२ नं भागायचं. ३०० भागिले १.२ म्हणजे २५०. म्हणजेच उणे २३. सॉल्व्हर बिचारा बरोबर होता. उष्णता वेगात गेली होती.

चूक होती पुढे, जिकडे त्यानं बघितलंच नव्हतं. वेग ओसरला की तापमान जवळपास २७ वर परतायला हवं. नळीच्या टोकाला ते १८ वरच अडकलेलं. मग त्यानं वेगातली ऊर्जा धरून येणाऱ्या एकूण तापमानाचा आलेख काढला. तो शेवटपर्यंत सपाट हवा होता, पण भिंतीलगत खचत गेलेला. समीकरणात दाबाच्या कामाची खूण केलेली होती, घर्षणातून उष्णता होण्याची राहिली होती. खर्च मांडला, जमा मांडायची विसरली. एका चौकोनात टिक केली, रात्रभर मॉडेल चालवलं, सकाळी टोकाला २७.

नव्या कामात नेमकं उलटं झालंय. प्रत्यक्षात झडपेवर दव धरलंय आणि मॉडेलमध्ये तापमान ढिम्म. ५० बारचा नायट्रोजन झडपेतून सुटताना दर बारला साधारण ०.२ अंश गार होतो. आदर्श वायूच्या समीकरणाला हे ठाऊकच नसतं. शुक्रवारची नेहमीची गाडी सोडून तो वायूचं समीकरण बदलत बसलाय.