मुंढाच नसलेली बाही

कुणाला सांगू नि कुणाला नको असं झालंय! मुंढाच नसलेली बाही असते, ठाऊक आहे तुम्हाला? गळ्यापासून निघालेली शिवण तिरकी उतरत थेट काखेत जाते आणि खांदा नि दंड एकाच सलग कापडाखाली मोकळे राहतात. रॅग्लन म्हणतात तिला. पोरांच्या दुरंगी टी-शर्टांवर आपण सगळ्यांनीच ती पाहिलेली असते. पण स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी गेलेल्या, वर रेडिएशनचे लाईटही घेतलेले, असा माझा सुजरा उजवा हात त्या बाहीतून कुठेही न अडकता बाहेर आला, तेव्हा मी आरशासमोर गिरकीच घेतली. या वयात!

शोध माझा नाही, आमच्या डोंबिवलीतल्या शिवणाऱ्या वहिनींचा. आजवर आमचं ठरलेलं असे: उजवा मुंढा वाढवायचा, बाहीला माया जास्त सोडायची. मग ब्लाउज हातात चढायचा, पण खांदा ओघळायचा, काखेत कापडाचा बोळा व्हायचा आणि संध्याकाळी हात भरून आला की नेमकी तीच शिवण काचायची. परवा माप घेता घेता वहिनी थांबल्या नि म्हणाल्या, "ताई, मुंढा वाढवून वाढवणार तरी किती? काढूनच टाकू की!" लगेच जमिनीवर कागद पसरला, माझा जुना कुर्ता त्यावर ठेवला आणि पेन्सिलीने गळ्यापासून काखेपर्यंत तिरक्या रेघा ओढल्या. शिवाय काखेत चौकोनी तुकडा जोडला, त्यामुळे हात वर केला तरी कुर्ता कमरेवरून उचलला जात नाही. लोकलमध्ये वरची कडी धरायला मी उजवा हात वर नेला. नुसती गंमत म्हणून!

आणि या बाहीची गोष्ट तर ऐका. १८१५ साली वॉटर्लूच्या लढाईत फिट्झरॉय सॉमरसेट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचा उजवा हात गेला. हाच पुढे लॉर्ड रॅग्लन झाला. त्याला कोट सहज चढवता यावा म्हणून ही बाही बेतली गेली, असं सांगतात. उजव्या हाताचं दुखणं घेऊन जन्मलेली बाही माझ्यापर्यंत पोचायला दोनशे वर्षं लागावीत, याचा मला खरं तर रागच यायला हवा. पण आनंदापुढे राग टिकेल तर ना!

काचणं इतकं का टाळायचं, हे फिजिओथेरपिस्ट मॅडमनी सांगितलं तेव्हा मी थक्क झाले. रक्ताला हृदयाचा पंप असतो, पण हातापायांतून परत येणाऱ्या लसिकेला, म्हणजे लिम्फला, तसा पंपच नाही! तिच्या वाहिन्यांत एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. स्नायू आकसले, श्वास खोल घेतला की ती पुढे सरकते. कल्याण जंक्शन बंद पडलं तर गाड्या मागे जशा एकामागे एक उभ्या राहतील, तशी काखेतल्या गाठी गेल्यावर ती हातात तुंबते. यातल्या कितीतरी वाहिन्या अगदी कातडीलगत असतात, म्हणून त्यांना हलका स्पर्श पुरतो. १९३०च्या दशकात एमिल आणि एस्ट्रिड व्होडर हे डॅनिश जोडपं फ्रान्समधल्या कान शहरात जुन्या सर्दीच्या रुग्णांच्या मानेतल्या सुजलेल्या गाठींवरून हलका हात फिरवत होतं. आजचा लसिकेचा मसाज तिथून आला. मॅडमचा हात इतका हलका, की मसाज संपला तरी मी विचारत होते, "कधी सुरू करणार?"

या नाजूक वाहिन्यांवर आपण काय काय आवळतो! फुग्याच्या बाहीतलं इलॅस्टिक, घड्याळाचा पट्टा, ब्राची दोरीसारखी पट्टी. सिलिकॉनचा जड कृत्रिम स्तन पट्टीला खाली ओढतो आणि पट्टी खांद्यात रुतते. त्याऐवजी मी रुंद, मऊ पट्ट्यांची ब्रा घेतली आणि तिच्यात सुती धाग्याचा, हाताने विणलेला, हलकासा गोळा ठेवला. मुंबईत स्वयंसेविका असे गोळे विणून फुकट देतात, हेही मला आत्ता कळतंय!

मग सूज आवरायला हातात घालायच्या घट्ट प्रेशर स्लीव्हचं काय, ती तर आवळतेच? आवळते, पण हिशेबाने: मनगटाशी जास्त, वर जाताना कमी. तिची कड वर दुमडली की मात्र सगळं मुसळ केरात, कारण त्या दुमडीचाच करकोचा पडतो. भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून ती चढवली की कापड पकडीत राहतं आणि सुरकुत्या तळव्याने वर सारता येतात. मे महिन्यात नकोशी होते, खोटं कशाला बोलू? दोन ठेवते, रोज एक सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवते. साधारण सहा महिन्यांत ती सैल पडते, तेव्हा नवी. सगळ्यात मजा मापाची. स्लीव्हचं माप सूज सर्वांत कमी असताना, म्हणजे सकाळी घ्यायचं. ब्लाउजचं मात्र हात भरलेला असताना! वहिनी आता मला दिवेलागणीलाच बोलावतात.

(एक गोष्ट मात्र मजेची नाही. हात लाल झाला, तापला, थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर. फोडणीचा साधा चटकासुद्धा लगेच धुऊन त्यावर मलम लावायचं.)

"त्या हाताने पिशवीसुद्धा उचलू नकोस," असं मला आल्यागेल्याने बजावलेलं. आणि मी काय वाचलं? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या कॅथरिन श्मिट्झ यांनी हाताला अशीच सूज असलेल्या १४१ बायका घेतल्या आणि त्यांतल्या निम्म्यांना देखरेखीखाली, हळूहळू वाढवत, वजनं उचलायला लावली. वर्षभराने त्यांची सूज इतरांपेक्षा जास्त वाढली नव्हतीच. उलट दुखणं उसळण्याचं प्रमाण उचलणाऱ्यांत १४ टक्के, न उचलणाऱ्यांत २९! त्याआधी, १९९६ साली, कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये डॉक्टर डॉन मॅकेन्झींनी स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेल्या बायकांना चक्क ड्रॅगन बोट वल्हवायला बसवलं होतं. मॅडमना विचारून, स्लीव्ह घालून, मी अर्ध्या किलोच्या डंबेलपासून सुरुवात केलीय. स्नायू आकसले की लसिका सरकते, हे आठवून प्रत्येक वेळी हातातल्या गाड्यांना हिरवा सिग्नल देते.

आता भाच्याचं लग्न आलंय. हिरव्या बांगड्या डाव्याच हातात भरणार. उजव्यात नकोत, काचतात आणि फुटल्या तर ओरखडा. पण स्लीव्ह लपवणार नाही. फिलाडेल्फियातल्या रेचल ट्रॉक्सेल या तरुणीला हा कातडीच्या रंगाचा उदास मोजा बघवेना, म्हणून तिने मैत्रिणीबरोबर नक्षीच्या, रंगीत स्लीव्ह बनवायची कंपनीच काढली. २००८ साली ती गेली. घरच्यांनी काम पुढे चालवलं. तशीच एक जांभळी, वेलबुट्टीची मी मागवलीय. वर पैठणीचा ब्लाउज, अर्थात रॅग्लन. रेशीम ताणलं जात नाही, म्हणून सैल बेतायचा आणि आत मलमलीचं अस्तर. एवढ्यावर आमचं एकमत आहे. भांडण काठावरून आहे. मला तो नेहमीसारखा दंडावर हवा. वहिनी म्हणतात, गळ्यापासून काखेपर्यंतच्या तिरक्या शिवणीवरच लावू, लोकांना दिसू दे तरी नवी बाही! दोन टाचण्या लावून त्यांनी मला तसा करून दाखवला, आणि मी हरणार असं दिसतंय.