नाव अमेरिकन, पत्ता आपली मोरी

ॲडमिशन न घेता आणि मेसचं बिल न भरता आपल्या हॉस्टेलमध्ये सुखाने राहणारा एकच प्राणी आहे, झुरळ! त्यातही रात्री बाथरूमचा दिवा लावला की जाळीत सुळकन घुसणारं ते तांबूस, चारेक सेंटिमीटरचं, मानेवर पिवळसर कडा असलेलं धूड. शास्त्रीय नाव पेरिप्लॅनेटा अमेरिकाना.

म्हणजे अमेरिकेहून आलं? छे हो! लिनियसने १७५८ साली नावात अमेरिका घातली खरी, पण त्याचं मूळ आफ्रिकेकडचं मानतात. जहाजांच्या तळातून, मालाच्या गोणींतून ते अमेरिकेला गेलं आणि पुढे जगभर पसरलं. आपला किनाराही जहाजांचाच. वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात डचांची वखार होती, मालवणला बोटी लागायच्या. ऊब, ओल आणि धान्य एकत्र मिळालं की झुरळाला आणखी काय हवं?

हॉस्टेलमध्येही तोच खेळ चालतो. मेसचे काका म्हणतात, "ही झुरळां काय आभाळातसून पडली? तुमच्याच ट्रंकेतसून इली!" आम्ही मेसच्या गोणींकडे बोट दाखवतो. सिनियर फर्स्ट इयरवर ढकलतात. मालवणकडची पोरं घाटावरच्यांना नावं ठेवतात, तर घाटावरचे म्हणतात, "हे तुमच्या कोकणचंच!" खरं तर सगळ्यांचंच बरोबर आहे. मादीच्या एका डबीत साधारण १४ ते १६ अंडी असतात. ती डबी खोक्याच्या घडीत चिकटून आली तर कुणाच्या लक्षात येणार?

इंजिनियरांनी तरी याला कमी लेखू नये. आयआयटी मुंबईत मेकॅनिकल शिकलेले कौशिक जयराम आणि बर्कलीचे रॉबर्ट फुल यांनी २०१६ साली दाखवलं, की हे झुरळ अंग चपटं करून सुमारे ३ मिलिमीटरच्या फटीतूनही पार होतं. त्यावरून त्यांनी पडक्या इमारतींच्या ढिगाऱ्यात शिरू शकेल असा छोटा रोबो बनवला. आता पट्टी घ्या आणि आपल्या दाराखालची फट मोजा!

हसण्यावारी नेण्यासारखी मात्र ही गोष्ट नाही. आमच्या विंगमधला एक मित्र दम्याचा पंप उशाशी घेऊन झोपतो. झुरळाची विष्ठा आणि टाकलेल्या कातीचे तुकडे धुळीत मिसळले की दमा उसळतो. बरं, स्प्रे मारावा तर तो वासही त्याला सोसत नाही. रात्री दोन वाजता त्याला खिडकीशी बसून श्वास ओढताना पाहिलं, की 'कुणी आणली' हा वाद फिजूल वाटतो.

तेव्हा रेक्टर सर, मोरीला बारीक जाळी आणि गळक्या नळांना वॉशर तेवढे बसवून द्या. काका, रात्री खरकट्याच्या बादलीवर झाकण ठेवा. आणि पोरांनो, कॉटखालचे रिकामे खोके आजच बाहेर काढा. झुरळ कुठलं ते नंतर ठरवू, आधी त्याला शेजाऱ्याच्या छातीपासून लांब ठेवू.